डावा जोडा

९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार आणि तक्रार दोन्ही एकदमच पाठवते. नमस्कार तुला आणि वहिनीला, तक्रार गुडघ्याची.

जोडे मिळाले. पत्र नेहमीसारखं उजव्या जोड्यात सापडलं. कधीतरी डाव्यातही ठेवत जा, नाहीतर तो रुसेल. लगेच घालून कामावर गेले. संग्रहालयाच्या दगडी फरशीवर दिवसभर पाय कसे गार पडतात ते तुला मागे सांगितलंच आहे. तुझे जोडे असले की निदान ती काळजी नसते.

डावा गुडघा मात्र जैसे थे. दोन हिवाळ्यांपूर्वी संग्रहालयाच्या ओल्या जिन्यावर कुशीवर पडले, तेव्हापासून जो मागे लागलाय तो सुटायचं नाव घेत नाही. पहिल्या डॉक्टरने मुरगळलाय म्हणून पट्टा दिला. तो वर्षभर बांधला. परवा दुसऱ्याकडे गेले, तर ते म्हणाले वजन कमी करा. दादा, माझं वजन! तू मला लहानपणापासून टिटवी म्हणतोस ते काय उगीच? मी म्हटलं, "डॉक्टर, याहून कमी झाले तर मलाच काचेच्या कपाटात ठेवतील." ते हसले नाहीत. गुडघ्याचा एक्स-रे काढायला लावला, तो अगदी स्वच्छ आला. त्यांना त्याचा आनंद झाला, मला झाला नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. माझं काम तुला ठाऊक आहे. लोकांना घेऊन तिन्ही मजले फिरायचं, आणि तेही त्यांच्याकडे तोंड करून उलटं चालत. कुठे उंबरा आहे, कुठे पायरी आहे, सगळं पाठीला पाठ झालंय. पण हल्ली दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बोलता बोलता माझा आवाज चिरकतो. साहेबांच्या ते लक्षात आलं. उन्हाळा संपेपर्यंत बघू म्हणाले, नाहीतर खाली सामानघरात बसा. सामानघर म्हणजे लोकांच्या पिशव्या घ्यायच्या आणि बिल्ले द्यायचे. दिवसभर तोंड मिटून. मी तिथे बसले तर आठवड्याभरात पिशव्यांशी बोलायला लागेन.

तू फोनवर ऐकू येत नाही म्हणतोस म्हणून एवढं लिहिलं. कानांना दाखवलंस का? का तिथेही आनंदच?

तुझी,
टिटवी

•

२० फेब्रुवारी

टिटवे,

भरपूर आशीर्वाद, आणि त्या डॉक्टरांना जे द्यायचं ते मनातल्या मनात दिलं आहे.

वजन कमी करा म्हणे. उद्या म्हणतील उंची कमी करा. त्यांनी तुझा पाय हातात तरी घेतला का? बाबा म्हणायचे, पाय बघायचा तर गुडघे टेकून बघायचा, खुर्चीत बसून नाही. मी तुझे जोडे करतोय ते तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून. तुझा पाय मला माझ्या हातापेक्षा जास्त ठाऊक आहे. तू घाबरू नकोस.

एक कर. जुने तपकिरी जोडे टाच झिजली असेल तशीच पाठवून दे. साफ करू नकोस, पॉलिश करू नकोस. घरात घालायच्या सपाता आहेत त्याही पाठव. मला नुसतं बघायचंय. बघून, नवी टाच मारून, आठवड्यात परत करतो. तोवर अनवाणी फिरू नकोस, थंडी आहे.

कानांचं म्हणशील तर ते चाळीस वर्षं हातोडी ऐकून दमलेत. त्यांना काय दाखवायचं. वहिनी म्हणते तिचं सोडून बाकी सगळ्यांचं मला ऐकू येतं.

सामानघरात तू बसणार नाहीस. टिटवीसुद्धा समुद्र आटवते, तुझ्यापुढे तर तीनच मजले आहेत.

दादा

•

१४ मे

दादा,

सपाता आणि तपकिरी जोडे परत मिळाले. खरं सांगते, घातल्याबरोबर चाल सरळ झाली. तू काय जादू करतोस कोण जाणे.

आता गंमत ऐक. साहेबांच्या ओळखीने मोठ्या डॉक्टरांकडे नंबर लागला. इतके मोठे की त्यांच्या खोलीच्या आधी दोन खोल्या आहेत. त्यांनी गुडघ्याचे सगळे फोटो दिव्यासमोर धरले, गुडघा वाकवला, सरळ केला, ठोकून पाहिला. मग म्हणाले, जरा बाहेर चालून दाखवा. मी दाखवलं. "चाल तर झकास आहे तुमची," म्हणाले. मी म्हटलं, "माझे जोडे माझा दादा करतो." मला इतका अभिमान वाटला की दुखतंय हे सांगायचं क्षणभर विसरलेच.

मग त्यांनी विचारलं, एकट्या राहता का? झोप मोडते का? कामाचा ताण आहे का? सगळ्याला हो हो म्हणत गेले आणि शेवटी कळलं की माझं दुखणं मनाचं आहे. कधीकधी मन गुडघ्यातून बोलतं, असं ते म्हणाले. मांडी भक्कम व्हावी म्हणून पायाला वाळूची पिशवी बांधून उचलायचा व्यायाम दिला आहे. तो केला की रात्री कूस बदलता येत नाही. तसं सांगितलं तर व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, सुरुवातीला असं होतंच.

दादा, हसण्यावारी नेतेय खरी, पण कधीकधी वाटतं की हे लोक बरोबर असतील. तिघं शिकलेसवरलेले एकच सांगतात की गुडघ्यात काही नाही. मग मीच खोटी. काल जिन्यात कठड्याला धरून उभी होते, तर मागची एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुम्ही आधी बसा, आम्ही आपलं आपलं बघतो." पुढचं सगळं मी बसून सांगितलं. साहेब वरून बघत होते.

टिटवी

•

३ जून

टिटवे,

तुझं पत्र दुकानात चार गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. मनाचं वगैरे गाळलं, चाल झकास आहे तेवढंच वाचलं. मोठे डॉक्टर म्हणाले म्हणजे काहीतरी असेलच ना. एकाने तर तिथल्या तिथे जोड्यांची मापं दिली.

मनाबिनाचं काही डोक्यात घेऊ नकोस. तू खोटी नाहीस. खोटं बोलायला लागणारी अक्कल तुला कधीच नव्हती. पडलीस तेव्हा मुका मार बसला, तो जायला वेळ लागतो. पी हळद अन् हो गोरी असं होत नाही.

या खोक्यात नवे काळे जोडे आहेत. डावा जरा घट्ट वाटेल, आत हात घालून ओढाताण करू नकोस, आठ दिवसांत पाय बसेल. जुनी जोडी पुन्हा पाठवून दे. तुझ्या वहिनीचं म्हणणं काहीतरी वेगळंच आहे, मला रोज टोचत असते, पण तिला धंद्यातलं काय कळतंय.

उभं राहायचं काम असलं की उजव्या पायावर भार दे.

दादा

•

६ सप्टेंबर

दादा,

थोडक्यात लिहिते. दुखण्याचं कारण सापडलं. गुडघा नव्हताच. खुब्याचा सांधा आहे. पडले तेव्हा तिथल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आणि तो हळूहळू मरत गेला. खुबा दुखला की कळ गुडघ्यात येते म्हणे, पुष्कळांना येते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

आधी कळलं असतं तर लहानशा ऑपरेशनने सांधा वाचला असता. आता बदलावा लागेल. नोव्हेंबरच्या शेवटी तारीख मिळाली आहे. सामानघरात परवापासून बसते.

जोडे आता पाठवू नकोस. गरज नाही.

वहिनीला नमस्कार.

•

१५ सप्टेंबर

टिटवे,

पत्र वाचून हातातली आरी खाली ठेवली ती अजून उचलली नाही.

दोन वर्षं. दोन वर्षं ते लोक गुडघा कुरवाळत बसले. एकालाही वर हात लावून बघावंसं वाटलं नाही? त्या मोठ्याला तर मी सोडणार नाही. त्याच्या दवाखान्याचा पत्ता दे. मी तक्रार लिहितो, माझं अक्षर वाईट आहे, वहिनीकडून लिहून घेतो. माणसाची चाल बघून ज्याला आतला सांधा मेलेला कळत नाही त्याने दुसरा धंदा बघावा. मी माझ्या धंद्यात एवढी मोठी चूक केली असती तर गिऱ्हाइकाने जोडा माझ्याच तोंडावर मारला असता.

आणि जोडे का नकोत? ऑपरेशननंतर तर चांगले जोडे लागतीलच. आता घातलेस ते पाठव. सपाता पाठव. मला बघू दे. पत्रावर नावसुद्धा घातलं नाहीस, इतकी खचू नकोस. ऑपरेशनला आम्ही दोघं येतोय.

दादा

•

२ ऑक्टोबर

दादा,

पत्ता देणार नाही. तुला हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू त्या डॉक्टरांना शिव्या देतोस आणि त्या मला निमूट वाचवत नाहीत, म्हणून सांगते.

ज्यांनी दुखणं शोधलं त्या डॉक्टरीणबाई नव्याच आहेत, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी फोटो बघितलेच नाहीत. म्हणाल्या, जोडे काढा, मोजे काढा आणि त्या भिंतीपर्यंत चालून या. मी म्हटलं अनवाणी? फरशी गार आहे. त्या म्हणाल्या, जोडे मला काही सांगणार नाहीत. मी चालले. दुखत होतं म्हणून लंगडत होते, निदान मला तसं वाटत होतं. त्यांनी मला आडवं केलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि विचारलं, "एक पाय आखूड झालाय, हे केव्हा लक्षात आलं?" मी विचारलं, "कोणाचा?"

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मला खोटंही ठरवलं नाही. पाय आत फिरवला तेव्हा मी ओरडले. मग वरचा फोटो काढला. हाडाचा गोळा एका बाजूने चेपला आहे, चेंडूवर कोणी बसावं तसा. म्हणूनच पाय आखूड. त्यांना एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं, की इतका फरक पडला आणि कोणाच्याच, अगदी माझ्याही, नजरेत कसा आला नाही.

घरी आले आणि काळ्या जोड्याच्या आत हात घातला. बोटांना काहीच लागलं नाही. मग स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आतलं अस्तर उचकटलं. टाचेखाली चामड्याच्या चकत्या होत्या, एकीवर एक, कडा इतक्या पातळ तासलेल्या की जिवंत कातडीसारख्या. तुझं काम ओळखायला मला कोणी सांगावं लागत नाही. उजव्यात काही नाही. तपकिरी जोडी उघडली तर तिच्यात काळीपेक्षा कमी. त्याआधीच्या जुन्या जोडीत एकच पातळ. सपातांतही.

सगळ्या चकत्या पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेल्या. त्यांनी त्या ओळीने मांडल्या आणि एकेक बोटाने मोजल्या. मग म्हणाल्या, हाड असंच खचत गेलं असणार. या पहिल्या पातळ चकतीच्या वेळी आल्या असता तर हाडाला भोक पाडून पुन्हा रक्त खेळवून बघता आलं असतं. तुमचा सांधा कदाचित तुमचाच राहिला असता.

मोठ्या डॉक्टरांनी जोडे काढायला सांगितले नाहीत, हा त्यांचा दोष आहे. पण जोड्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, तो दोष कोणाचा? माझा पाय आखूड होतोय हे या जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो दर वेळी माप घेत होता, भरत होता आणि पत्र उजव्या जोड्यात ठेवत होता. का, दादा? एवढंच सांग.

आणि वहिनी तुला जे टोचत होती ते हेच का?

टिटवी

•

११ नोव्हेंबर

टिटवे,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं.

हो, हेच टोचत होती. ती म्हणायची, बहीण आहे ती, गिऱ्हाईक नव्हे.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट तुला माहीत नसेल. बाबांकडे एक मुलगी लग्नाचे जोडे करायला आली होती, सोबत होणारी सासू. बाबांनी माप घेताना सहज म्हटलं की डावं पाऊल आत वळतंय, दाखवून घ्या. सासूने ऐकलं आणि लग्न मोडलं. त्या मुलीचा बाप दुकानात येऊन नुसता उभा राहिला. त्यानंतर बाबांनी नेम केला आणि मला हातोडीच्या आधी तो शिकवला. पायाचं वैगुण्य जोड्यात भरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही की आपण काय केलं, तर ते खरं काम. मी आजवर तसंच करत आलो. लोक म्हणतात याच्या जोड्यात चाल सुधारते. मला त्याचा फार गर्व होता.

तू पडलीस त्यानंतर तुझी पहिली जोडी आली तेव्हा टाच बघूनच कळलं की डावीकडे काहीतरी खाली गेलंय. मला वाटलं, पडल्यामुळे जराशी झुकून चालत असेल. एक चकती घातली. पुढच्या वेळी ती पुरली नाही. तेव्हा मी विचार करायला हवा होता की माझी चकती का पुरत नाही. मी तो केला नाही, जाड चामडं शोधत बसलो. तुझ्याकडून डॉक्टरांच्या शाबासकीचं पत्र आलं तेव्हा तर मला वाटलं जिंकलो. ते पत्र मी लोकांना वाचून दाखवलं, टिटवे. ते आठवलं की मला जेवण जात नाही.

तुला घाबरवायचं नव्हतं, हेही खरं आहे. पण आता मला वाटतं की घाबरणं तुझं होतं, ते मी ठेवून घ्यायला नको होतं.

आईची पण आठवण येते. शेवटी शेवटी ती भिंत धरून चालायची, आणि तिचे जोडे बाबाच करायचे. आत काय होतं ते मी कधी पाहिलं नाही. आता जोडेही नाहीत.

परवा एक मास्तरीण आल्या, उजवी टाच एकाच बाजूने पार गेलेली. मी धीर करून म्हटलं, बाई, एकदा डॉक्टरांना दाखवा. त्या म्हणाल्या, मी जोडे करायला आले आहे, तपासून घ्यायला नाही. जोडे काखेत मारून निघून गेल्या. मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की त्यांना सांगता आलं आणि तुला आलं नाही.

ऑपरेशनला वहिनी येईल, मी येत नाही. तोंड कुठलं दाखवू? तुझे जोडेही यापुढे करणार नाही. बाजारात चांगले मिळतात.

दादा

•

२१ जानेवारी

दादा,

शुद्धीवर आले तेव्हा वहिनी उशाशी होती. तुझ्याबद्दल तिने एक शब्द काढला नाही आणि मीही विचारलं नाही. महिनाभर तिने माझं सगळं केलं. तू आला नाहीस याचा मला राग आला. चकत्यांचा आला होता त्यापेक्षा जास्त.

काल पहिल्यांदा काठी सोडून अनवाणी उभी राहिले. फरशी दोन्ही पायांना एकदम लागली. इतकं साधं आहे ते, पण मला रडू आलं. मग तू गेल्या फेब्रुवारीत पाठवलेले जोडे घालून पाहिले; ते उचकटायचे राहिले होते, वहिनीने कपाटातून काढले. त्यांत मी लंगडते. तुझ्या जोड्यात मी लंगडते, दादा. वहिनी बघत होती, तिने तोंड फिरवलं.

नवा सांधा चांगला आहे, दुखत नाही. पण तो कधीतरी झिजेल आणि पुन्हा बदलावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. त्या काहीच लपवत नाहीत, ऐकताना त्रास होतो. जिने चढा म्हणाल्या, पण उलटं चालणं विसरा. म्हणजे सामानघर कायमचं. माझ्या जागी एक नवी मुलगी घेतली आहे. लोकांना घेऊन ती माझ्या खिडकीसमोरून जाते, तोंड पुढे करून. लोक मागे, ती पुढे, निम्म्यांना ऐकूच जात नसेल. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत मलाही तिचं बोलणं ऐकू येतं. त्यापुढचं मी मनातल्या मनात म्हणते.

माझा राग अजून गेलेला नाही. तो मी लपवणार नाही, लपवालपवीचं काय होतं ते आपण पाहिलंय. पण बाजारातले जोडे चावतात आणि सामानघराची फरशी वरच्यापेक्षाही गार आहे. तेव्हा जोडे कर. दोन्ही सारखे. जुनी जोडी मी पाठवत जाईन, तू बघत जा, आणि जे दिसेल ते सांगत जा. मी घाबरले तर घाबरले.

टिटवी

•

१९ ऑक्टोबर

टिटवे,

तू पाठवलेले जोडे मिळाले. गुडघे टेकून, उजेडात नेऊन बघितले.

डाव्या टाचेची बाहेरची बाजू गेल्या खेपेपेक्षा जास्त झिजली आहे. उजवी ठीक आहे. काही नसेलही, सामानघरात वळून वळून पिशव्या ठेवतेस त्याने झालं असेल. पण मला ते माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं मी आता करणार नाही. डॉक्टरीणबाईंकडे जा. जोडे त्यांच्यासमोर ठेव आणि मग अनवाणी चालून दाखव. तारीख मिळाली की कळव, या वेळी मी येतो. त्यांचं बोलणं मला ऐकू नाही आलं तर तू मोठ्याने सांग, ते काम तुला जमतं.

खरं ते लिहितो. टाच बघितली आणि हात आपोआप चामड्याकडे गेला. चकती कापून, कड तासूनही झाली होती. वहिनीने दारातून विचारलं, हे काय चाललंय? मग ठेवून दिली. ती अजून समोर पडली आहे, छान तासली गेली आहे.

जोडे जसे आले तसेच परत करतोय. नवी टाचसुद्धा मारलेली नाही, म्हणजे त्यांना नीट दिसेल. दवाखान्यात जाऊन येईपर्यंत चालताना त्रास होईल, तो होऊ दे.

पत्र या वेळी डाव्या जोड्यात ठेवलंय. तू ते काढलंच असशील. आता पुन्हा आत हात घाल आणि टाचेपर्यंत चाचपून बघ. तिथे काही भरलेलं नाही.

दादा